शेवट आधीच माहीत असतो, तरी प्रेमकादंबरी फसते ती कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वर्षभरात तुम्ही अठरा-वीस प्रेमकादंबऱ्या वाचल्यात. काही इंग्रजी, काही मराठी अनुवाद, काही मोबाइलवर रोज एक भाग येणाऱ्या. बहुतेक पुस्तकांचा पहिला अर्धा भाग तुम्हाला रात्री दोनपर्यंत जागवतो आणि शेवटाला हाती काही लागत नाही. परवा हिंजवडीहून येताना बसमध्ये एक पुस्तक संपलं, दोघांचं लग्नही झालं, आणि तुम्हाला 'राग आला, पण कशाचा ते कळेना'. वय एकतीस, आता या पुस्तकांचं वय गेलं का, असं विचारलंय.

वयाचं आधी उरकून टाकू. कोथरूडला मी सत्तावीस वर्षं छोटं वाचनालय चालवते. आमच्याकडच्या सगळ्यात कडक प्रेमकथावाचक काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तुमचं वय गेलेलं नाही.

वाचनालयाबरोबर गेली दहा-बारा वर्षं मी प्रकाशकांसाठी हस्तलिखितंही वाचते, त्यात प्रेमकथाच जास्त येतात. म्हणजे लोक काय वाचून परत करतात तेही बघते आणि लिहिणारे कुठे अडतात तेही. परत आलेल्या पुस्तकात खुणेला घातलेल्या वस्तू राहून जातात: पीएमपी बसची तिकिटं, औषधाची चिठ्ठी, एकदा तर वीजबिल. अर्धवट सोडलेल्या प्रेमकादंबऱ्यांत ही खूण फार वेळा शेवटच्या पाव भागाच्या तोंडाशी सापडते. दोघं जवळ आलेली असतात, आणि तिथे एक गैरसमज होऊन ती लांब जातात. वाचक तिथे पुस्तक मिटतो आणि नंतर उघडत नाही. तुमचा राग बहुधा त्याच जागेवरचा आहे. तुम्ही नेटाने शेवटपर्यंत गेलात, म्हणून तो शेवटावर निघाला.

'सगळं ठरलेलंच असतं' ही तुमची तक्रार मला मात्र मान्य नाही. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात 'रोमान्स' या शिक्क्याला दोन अटी असतात. प्रेमाची गोष्ट मध्यभागी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ची, हार्लेक्विन कॅनडातली, १९४९ची. १९७१मध्ये दुसरीने पहिलीला विकत घेतलं. या लोकांनी तो वायदा इतकी वर्षं पाळला की तीच त्या मालाची ओळख झाली. शेवट ठाऊक असणं हा तिथे दोष नसतोच. आमच्या त्या काकू काउंटरवर उभ्या राहून शेवटचं पान आधी वाचतात. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "शेवट गोड आहे ना, मग मधे कितीही रडवू दे." मला यात फार शहाणपण दिसतं. होणार काय याची धाकधूक संपली की माणूस निवांतपणे बघू शकतो की हे दोघं एकमेकांना नेमकी काय म्हणून पसंत करतायत.

मराठीत मात्र 'प्रेमकथा' या शब्दाने कुणालाही असा वायदा केलेला नाही. आपल्याकडे प्रेमकथेत माणूस मरतो, त्याग करतो, वीस वर्षांनी स्टेशनवर भेटतो आणि नमस्कार करून पुढे जातो. तीही प्रेमकथाच, आणि कित्येकदा उत्तम. अडचण अशी की हल्ली मुखपृष्ठावर गुलाबी रंग आणि कॉफीचे दोन कप दोन्ही प्रकारांना सारखेच लावतात. तुम्ही एक वायदा समजून पुस्तक उचलता, आत दुसराच निघतो. वीसातल्या दोन-चार पुस्तकांवरचा राग असा असू शकतो, तो पुस्तकापेक्षा वेष्टनावर काढा. (आणि ही पुस्तकं वाचता हे सांगताना तुम्ही प्रश्नात दोनदा 'टाइमपास म्हणून' लिहिलंय. फडके आणि खांडेकरांचा 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद होऊन इतकी वर्षं झाली, तरी सुखान्त प्रेमकथा वाचणाऱ्याला आपल्याकडे अजून खुलासा द्यावासा वाटतो. आमच्या रॅकवर काकोडकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, शिरवळकर यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली गेली आहेत. नेणाऱ्यांत प्राध्यापकही होते. ते वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे, एवढाच फरक.)

आता मूळ दुखण्याकडे येते.

हस्तलिखित वाचताना मी एक कसोटी लावते. तिला घरात आम्ही 'अमृततुल्य कसोटी' म्हणतो. या दोघांना कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात बसवलं, दोन कटिंग चहा दिले आणि दहा मिनिटं बोलायला लावलं, तर भांडण मिटेल का? मिटणार असेल तर ती आडकाठी खोटी. 'तिने त्याला दुसऱ्या मुलीबरोबर बघितलं, ती त्याची बहीण होती' हे चहा गार व्हायच्या आत मिटतं. मग लेखक काय करतो, तर त्या दोघांना दहा मिनिटं भेटूच देत नाही. फोन हरवतो, मेसेज चुकीच्या माणसाला जातो, ती तडक बंगळूरला बदली घेते. वाचकाला कळतं की ही दोघं एकमेकांपासून लांब नाहीत, लेखकाने त्यांना ओढून धरलंय. राग येतो तो इथे. आणि पहिल्या अर्ध्या भागात याच दोन माणसांना लेखकाने हुशार, विनोदी, समंजस म्हणून रंगवलेलं असतं, म्हणून तो दुप्पट येतो. दीडशे पानं शहाणी असलेली माणसं एकाएकी बावळट झाली, तर आपल्याला फसवल्यासारखंच वाटतं.

खरी आडकाठी कशी असते, त्याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एक हस्तलिखित आलं. मुलगी सदाशिव पेठेतली, मुलगा कॅम्पातला ख्रिश्चन. दोनशे पानं फार छान. घरच्यांचा विरोध, मग 'तो तिला विसरला' छापाचा एक गैरसमज, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात दोघं शुक्रवारी सकाळी विवाह नोंदणी कार्यालयात जातात आणि दुपारी हार घालून बाहेर येतात. मी लेखिकेला फोन केला. म्हटलं, बाई, असं होत नाही. दोघं हिंदू असते तर आळंदी गाठून एका दिवसात मोकळे झाले असते. पण इथे १९५४चा विशेष विवाह कायदा लागणार. त्यात आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, आणि ३० दिवस वाट बघायची. त्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतं. मग तीन साक्षीदार आणायचे आणि लग्न करायचं.

ती घाबरली. "मग ते प्रकरण काढून टाकू का?"

मी म्हटलं, काढायचं कशाला, तुझी कादंबरी तिथेच आहे. काढायचाच तर तो गैरसमज काढ. दोन माणसांची नावं, वयं, पत्ते एका सरकारी फलकावर महिनाभर टांगलेत. बघणाऱ्याने बघावं. ही दोघं रोज सकाळी आपापल्या घरी उठतात, घरच्यांबरोबर पोहे खातात, आणि रोज नव्याने ठरवतात की आज जाऊन नोटीस मागे घ्यायची नाही. त्याच्या आजीला कळेल तेव्हा ते त्याच्या तोंडून कळावं की फलकावरून, हा प्रश्न आहे. तिचा बाप त्याच रस्त्याने बँकेत जातो. ही आडकाठी दहा चहांनी मिटत नाही, कारण दोघांचं एकमेकांबद्दल काहीच चुकलेलं नाही. चहा पिऊन ती आणखी घट्ट होते, इतकंच. लेखिकेने ते तीस दिवस लिहिले. बाविसाव्या दिवशी तो घाबरतो, आणि ते तिला सांगतो. 'मला भीती वाटतेय' असं नायक नायिकेला सांगतो, एवढाच तो प्रसंग. पुढे लग्नाला तिने दीड पान दिलं, आणि ते पुरलं.

म्हणजे कायद्याची कलमं घालावीत असं नाही. आडकाठी आतलीही असू शकते. एकाला आजारी वडिलांना सोडून जाता येत नाही, एकीला पहिल्या लग्नानंतर कुणाच्या हाती घराची किल्ली द्यायची हिंमत होत नाही. ती खरी असली आणि ती ओलांडताना दोघांनाही काही मोजावं लागलं, की शेवट कितीही ठरलेला असो, तो कमावलेला वाटतो. एकानेच मोजलं (बहुतेकदा तिने, नोकरी सोडून) तर पुस्तक मिटल्यावर घास अडकल्यासारखं होतं. तुमच्या बसमधल्या पुस्तकात असंच होतं का, जरा आठवून बघा.

आता एक गोष्ट सांगते जी मराठी वाचकालाच लागू होते, आणि माझ्या मते अनुवादित प्रेमकथा फिक्या पडण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. इंग्रजीत 'यू' एकच. आपल्याकडे तुम्ही, तू, आपण. अहो, अरे, अगं. 'कुलकर्णी मॅडम', मग नुसतं नाव, मग नावाची मोडतोड. दोन अनोळखी मोठी माणसं मराठीत प्रेमात पडतात तेव्हा 'तुम्ही'चं 'तू' होण्याचा एक क्षण असतोच, आणि तो स्पर्शाइतकाच मोठा असतो. अनुवादात बरेचदा तिसऱ्या पानावर वकीलसाहेब अशिलाला 'तू' म्हणून मोकळे. तिथेच निम्मी ओढ संपली. पुढे दोनशे पानं त्यांच्या नजरा कितीही मिळू देत.

एका हस्तलिखितातला प्रसंग मला अजून आठवतो. ऑफिसातले दोघं, चाळिशीच्या आसपासचे, काटेकोर 'तुम्ही'. जिन्यावरून तो पुढे निघून चाललाय आणि तिच्या हातातल्या फायली घसरतात. ती ओरडते, "अरे, थांब ना!" दोघांनाही ते ऐकू येतं. कुणीच काही म्हणत नाही. तो फायली उचलतो. पुढची चार पानं दोघंही कर्ता गाळून बोलतात. "चहा घ्यायचा का?" "निघायचं?" "उद्या यायचंय ना?" आपण सगळे असं बोललेलो आहोत, तू म्हणायचं की तुम्ही हे ठरेना म्हणून. पाचव्या पानावर तो म्हणतो, "तू दमलीयेस." मी पेन्सिल खाली ठेवली होती. हे इंग्रजीत लिहिताच येणार नाही, आणि मराठीत लिहिणारे कित्येकजण हातात असलेलं हे हत्यार वापरतच नाहीत. उलट मग नायक म्हणतो, "मी तुझ्यावर प्रेम करतो." खरं सांगा, कुणाच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय? लोक एक तर सरळ 'आय लव्ह यू' म्हणतात, नाहीतर म्हणतात, "पोचलीस की मेसेज टाक."

याचीच दुसरी बाजूही एका हस्तलिखितात बघितली. नायिका पुस्तकभर त्याला 'तू' म्हणते, आणि लग्नानंतरच्या शेवटच्या तीन पानांत, सासूसमोर, 'अहो'. लेखकाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी समासात लिहिलं: हे तिने कधी ठरवलं? उत्तर आलं, "सहज लिहून गेलो." वाचक मात्र सहज वाचून जात नाही, तो नकळत अडखळतो.

हल्लीच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत एक प्रकरण ती 'मी' म्हणून सांगते, एक तो. मराठीत 'गेले' आणि 'गेलो'वरून कोण बोलतंय ते लगेच कळतं, त्यामुळे लेखक आळशी होतो. क्रियापदं झाकून वाचा. दोघंही सारखेच विनोद करत असतील, पाऊस बघून दोघांनाही सारखंच काहीतरी आठवत असेल, तर तिथे एकच माणूस आहे आणि तो स्वतःच्याच प्रेमात पडलाय.

मोबाइलवरच्या भागाभागाच्या कथांचं गणित वेगळं आहे, त्यांना कादंबरीची मोजपट्टी लावू नका. रोजच्या भागाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवावं लागतं. म्हणजे शंभर भागांना शंभर अडकवण्या, आणि त्या गैरसमजांतूनच स्वस्तात मिळतात. रोज दहा मिनिटं वाचताना ते खपून जातं. तेच तुम्ही रविवारी सलग वाचलंत तर सिंहगड रस्त्यावरून गचके खात गेल्यासारखं होणारच.

आणि कामधंदा. नायक कंपनीचा मालक आहे, पण दुपारी तीनला कायम मोकळा. ती आर्किटेक्ट आहे, पण दोनशे पानांत एकदाही साइटवर जात नाही. श्रीमंत नायकाला माझी हरकत नाही, स्वप्नरंजनाचाही आनंद असतो. पण माणूस कामात कसा वागतो, हाताखालच्यांशी कसा बोलतो, हे दिसलं नाही तर 'हाच का?' याचं उत्तर 'दिसायला बरा' एवढंच उरतं. गावाचंही तेच. पुण्यातली कादंबरी म्हणून झेड ब्रिजवर गाडी लावून बसलेली जोडपी सगळेच दाखवतात. एकीने दाखवलं होतं की खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली गेलाय, आणि पाच मिनिटांवर राहणाऱ्या नायकाला तिच्याकडे यायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात तिचा राग निवतो आणि ती खिचडी टाकते. पुस्तक एरवी बेताचं होतं, ते प्रकरण मात्र झकास.

माफीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शेवट तिथेच तरतो किंवा बुडतो. हल्ली फॅशन आहे चारचौघांत माफी मागायची: फर्ग्युसन रस्त्यावर गुडघ्यावर बसायचं, मित्रांनी मोबाइल धरायचे. आमच्या काकूंनी असलं एक पुस्तक परत देताना विचारलं, "एवढ्या लोकांसमोर बिचारी नाही कशी म्हणणार?" नेमकं. ज्या माफीला नकार देता येत नाही ती माफी कसली, ती जबरदस्तीच. दुसऱ्या एका कादंबरीत त्याने तिची कल्पना साहेबांसमोर स्वतःची म्हणून मांडलेली असते. तो पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते दुरुस्त करतो, बढती घालवतो, आणि तिला सांगत नाही. आठ दिवसांनी एका मेलच्या सीसीमध्ये तिला ते कळतं. केलं काय ते त्याला नेमकं माहीत आहे, जिथे केलं तिथेच त्याने ते निस्तरलं, आणि परत यायचं की नाही हे तिच्यावर सोडलं. ती दोन प्रकरणं येत नाही. तेही मला आवडलं.

आता, हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल करायला हवं. लागोपाठ वीस प्रेमकथा वाचल्यावर कुठलीही विसावी फिकीच लागते, रोज पुरणपोळी खाल्ल्यासारखी. मधे दोन रहस्यकथा किंवा एखादं प्रवासवर्णन घाला. शिवाय माणूस कुठल्या दिवसांत वाचतोय यावरही खूप असतं. नवरा गेल्यावर वर्षभर फक्त हलक्याफुलक्या, जुन्या, गैरसमजांनी भरलेल्या कादंबऱ्या नेणाऱ्या एक बाई आमच्याकडे होत्या. त्यांना खरी आडकाठी नकोच होती, खोटीच हवी होती, मिटणार हे माहीत असलेली. माझी अमृततुल्य कसोटी त्यांच्यापुढे चालवायचा शहाणपणा मी केला नाही. तुमचंही काही असं चालू असेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या आणि हवं ते वाचा.

नाहीतर पुढचं पुस्तक घेताना, अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात असो की वाचनालयात, तीन ठिकाणी उघडून बघा. सुरुवातीला ती दोघं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात. मधे कुठेतरी दोघांपैकी एकजण कामावर आहे का. आणि दोनतृतीयांशाच्या आसपास भांडण असेल तर ते चहावर मिटण्याजोगं आहे का. शेवटचं पान वाचायलाही हरकत नाही, पण त्यावरून ठरवू नका. काकू मागच्या आठवड्यात असंच शेवट बघून नेलेलं एक पुस्तक परत घेऊन आल्या. कसं वाटलं विचारलं.

"जमलं दोघांचं," त्या पिशवीतून पुढचं पुस्तक चाचपत म्हणाल्या. "पण मला कुणी विचारलं असतं ना, तर मी हे स्थळ सुचवलं नसतं."